राखीव डोह आणि देवाजीचे तुंबे

उंबरटोल्यात पन्नाशीच्या आतला जो कोणी पाण्यावर तरंगतो, त्यानं कधी ना कधी जांभूळडोहाचं पाणी नाकातून प्यालेलं आहे, आणि तेही देवाजीच्या देखरेखीखाली.

देवाजीची शिकवण्याची पद्धत सोपी होती. उन्हाळ्यात धानाचं काम नसतं आणि तेंदूपत्ता सकाळीच तोडून होतो. मग दुपारी तो खांद्यावर सुक्या भोपळ्यांची माळ टाकून नदीकडे निघायचा, मागे पोट्ट्यांची वरात. या सुक्या भोपळ्यांना गावात तुंबे म्हणतात. पोराच्या पाठीला अंबाडीच्या दोरीनं दोन तुंबे बांधायचे आणि खडकावरून ढकलून द्यायचं. पोरगं बोंबलत वर आलं की देवाजी शांतपणे विचारायचा, "बुडलास का?"

"नाई."

"मंग बोंबलून कायले राहिलास?"

झाला पहिला धडा.

दोन तुंब्यांवरून एकावर यायचं देवाजीच्या मर्जीनं, आणि एकावरून मोकळं व्हायचं ते ज्याच्या त्याच्या छातीनं. ज्या दिवशी पोरगं तुंब्याशिवाय डोहाच्या मध्यापर्यंत जाऊन येई, त्या दिवशी त्याचा तुंबा काठच्या मोठ्या खडकावर आपटून फोडायचा, असा रिवाज. आतल्या बिया देवाजी घरी नेई आणि मृग लागला की परसातल्या मांडवाखाली टोची. पुढच्या वर्षीचे मास्तर तिथं उगवत. फी नव्हती. कोणी गूळ-फुटाणे वाटी, कोणी कोंबडा आणून देई. तो कोंबडा देवाजीची बायको लीलाबाई अशा चेहऱ्यानं हातात घेई, की जणू गाव पोहायला शिकलं हा तिच्यावरच झालेला अन्याय आहे. "गावचे पोट्टे तरून राहिले, अन् माहा संसार बुडून राहिला," हे तिचं ठरलेलं वाक्य. खरं म्हणजे संसार बरा तरंगत होता. थोडं धान होतं, मांडवाला भोपळे होते, आणि मुलगा रत्नपाल तिरोड्याला कामाला लागून दर रविवारी आईचं हेच वाक्य ऐकायला घरी येत होता.

गावाला पोहायला शिकवायचा मान देवाजीकडे कसा आला, ते नदीच्या उतारात आहे. जुन्या काळी उंबरटोल्याला तीन घाट होते. वरचा जमीनवाल्या पोवारांचा. मधला बाकीच्यांचा. त्याच्या खाली म्हशी बसत, आणि म्हशींच्याही खाली देवाजीच्या बाप-आजाचा घाट. गावानं मोठ्या विचारानं केलेली व्यवस्था होती ती. फक्त नदीनं तिच्यात खोडी करून ठेवली होती. वरच्या घाटाला पाणी गुडघाभर, मधल्याला कमरेइतकं, आणि अख्ख्या नदीतला खोल, निळा, उन्हाळ्यातही न आटणारा डोह नेमका शेवटच्या घाटाला. त्यामुळे ज्यांना सगळ्यांत खाली बसवलं त्यांची पोरं मासोळीसारखी पोहत, आणि ज्यांनी बसवलं त्यांची पोरं गुडघाभर पाण्यात बसून लोट्यानं आंघोळ करत.

छप्पन साली देवाजीचा बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्या-आल्या दुसऱ्या दिवशी लहानग्या देवाजीचं बोट धरून तो वरच्या घाटावर गेला. तिथं एकानं काठी आडवी धरली आणि म्हणाला, "पान्यात उतराची मनाई हाये." बाप भांडला नाही. काठीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि माघारी फिरला. वाटेत देवाजीला एवढंच म्हणाला, "पानी चाललंच हाये आपल्याकडे. मानसं कधी येतेत पाहू."

माणसंही आली, आणि पाण्यातूनच आली. दोनेक वर्षांनी श्रावणात वरच्या घाटावर पाय घसरला पुरनलालचा. पोवाराचं एकुलतं एक पोरगं. मधला घाट, म्हशी, सगळी व्यवस्था ओलांडून तो थेट डोहात येऊन पोचला. त्याला कोणी काठी आडवी धरली नाही. देवाजीनं शेंडी पकडून त्याला बाहेर ओढलं. दुसऱ्या दिवशी पुरनलालची आई स्वतः पोराला घेऊन खालच्या घाटावर हजर. "यालेबी शिकव बाप्पा," म्हणाली. एका पोराच्या मागे दुसरं आलं, दुसऱ्याच्या मागे तिसरं. उंबरटोल्यात समाजसुधारणा आली ती अशी, पाठीला दोन तुंबे बांधून.

पुरनलाल मात्र पास कधीच झाला नाही. लग्न झालं, जमीन वाढली, नातू झाला, नातवानं आपला तुंबा फोडला. आजा अजून एक तुंबा पोटाशी बांधल्याशिवाय पाण्यात पाय घालत नव्हता.

"पुरन्या," देवाजी म्हणायचा, "तुया नातू सुटला. तू कधी सुटशील गा?"

"मी पास झालो का तुले कोन इचारते? तुयी मास्तरकी माह्या भरोशावर चालू हाये."

अशी ही दोस्ती. दिवसातून एकदा भांडण झालं नाही तर दोघांनाही जेवण गोड लागत नसे.

पुढे गोंदियात माळ्यावर माळे चढायला लागले, रस्ते रुंद व्हायला लागले आणि सगळ्यांना एकदम नदीची आठवण आली. नदीची म्हणजे रेतीची. घाटांचे लिलाव सुरू झाले. टिप्पर आले. वरच्या घाटाची रेती गेली, मग मधल्याची गेली, आणि तिथं हत्ती बसेल एवढे खड्डे राहिले. ज्या घाटावर कधी कोणाला पोहायला शिकता आलं नाही, तिथं आता आरामात बुडता येत होतं. शेजारच्या गावचा एक बैल तर बुडलाच. खड्डे भरता-भरता नदी दमायची, आणि उन्हाळ्यात डोहाला मिळायचं गढूळ, उरलंसुरलं पाणी. पुढचा लिलाव डोहाच्या काठच्या रेतीचा, अशी बातमी आली तेव्हा देवाजी दोन दिवस लीलाबाईशीही भांडला नाही. ती घाबरली.

त्याच हिवाळ्यात गोंदियाच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या अल्का मॅडम स्कूटीवरून डोहावर आल्या आणि खडकावर उकिडव्या बसून काहीतरी चिमट्यानं पिशवीत भरायला लागल्या. देवाजी लांबून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"बाई, गू होय तो."

"हो काका. पाणमांजराचा. त्यात माशांचे खवले आहेत, बघा."

"पानमांजराचा हाये ते मालूम हाये. तुमी पिशवीत कायले भरून राहिल्या?"

मॅडम हसल्या आणि बोलायला लागल्या. पाणमांजरं फार थोडी उरलीत, ती आहेत म्हणजे नदी जिवंत आहे, आणि असा नदीचा तुकडा कायद्यानं राखून ठेवता येतो. एकदा राखीव झाला की तिथली रेती कोणी लिलावात काढू शकत नाही. देवाजीनं बाकी सगळं सोडून शेवटचं वाक्य धरलं.

"कोनीच नाही? कलेक्टर बी नाही?"

"कोणीच नाही."

त्या रात्री लीलाबाईला भांडायला माणूस परत मिळाला.

ग्रामसभेनं ठराव केला. सरपंच होत्या गिरजाबाई, म्हणजे पुरनलालची बायको. जागा बाईसाठी राखीव होती. त्यामुळे सही गिरजाबाईंची आणि भाषण पुरनलालचं अशी वाटणी. ठरावात जैवविविधतेचं जे लांबलचक नाव होतं ते म्हणायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. गाव त्याला 'राखीव' म्हणायला लागलं. म्हशी बसत तिथपासून उतारावरच्या नाल्याच्या तोंडापर्यंत, मध्ये डोह. कागद वर गेला, वरून आणखी वर गेला, आणि दोन हजार चौदाच्या जानेवारीत निरोप आला की समिती पाहणीला येत आहे.

या बाबतीत पुरनलालचा उंबरटोला सगळ्या तालुक्यात हुशार ठरला होता. दहाएक वर्षांपूर्वी ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धेत या गावानं तालुक्यातलं बक्षीस मारलं होतं. त्या यशाचं गमक पुरनलालच्या भाषेत असं, की गाव साफ करायला वेळ लागते, गाव झाकायला लागत नाही. तपासणीच्या दिवशी शेणाचे उकिरडे धानाच्या तणसाखाली गेले, डुकरं शेजारच्या गावाला पाहुणी गेली, उघडी गटारं फाटकाच्या पाट्यांखाली गेली, आणि जी दोन माणसं कधीच आंघोळ करत नसत त्यांना दरेकशाला नातेवाइकांकडे धाडण्यात आलं. बक्षिसाची ढाल अजून ग्रामपंचायतीत आहे. तेव्हापासून 'तपासणी' म्हटलं की गावाचा हात आपोआप झाकायला जातो.

"नदीची तपासणी हाये," पुरनलालनं फर्मान काढलं. "नदी साफ दिसली पाहिजे. म्हशी घरी बांधा. कपडे हापशीवर धुवा. पोट्टे समाजमंदिरात कोंडा, टीव्ही लावून द्या. अन् देवाजी, तुये तुंबे आड्यावर चढव."

"तुंबे कायले? तुंब्यानं काय घान होते?"

"जंगल खात्याले मानूस दिसला का घानच दिसते. तुले डोह पाहिजे का नाही?"

डोह पाहिजे होता. देवाजीनं तुंबे छपराखालच्या आड्यावर चढवले. एवढंच नाही, पहाटे जाऊन घाटावरच्या पावलांच्या खुणा त्यानं पळसाच्या डहाळीनं पुसून काढल्या. त्यात त्याच्या स्वतःच्याच जास्त होत्या.

समिती आली. अल्का मॅडम तिच्यात नव्हत्या; कॉलेजात परीक्षा होत्या. साहेब लोक दुर्बिणी घेऊन बसले. काठावर चिटपाखरू नाही, साबणाचा फेस नाही, म्हशीचं शेपूट नाही. अशी शांतता जांभूळडोहानं त्याच्या जन्मात पाहिली नव्हती. पाणमांजरांनाही नवल वाटलं असावं, कारण भर दुपारी एक आई आणि तिची पिल्लं रेतीवर येऊन लोळली. साहेबांचे कॅमेरे खटाखट वाजले. गावात पेढे वाटले गेले. पुरनलाल आठवडाभर छाती काढून चालत होता.

मार्चात मसुदा आला. ग्रामसेवकानं पंचायतीच्या ओट्यावर वाचून दाखवला. रेती उपसा, कायम बंद. स्फोट किंवा विष टाकून मासेमारी, बंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्रामसेवक पुढं वाचत गेला : पाहणीदरम्यान सदर पट्ट्यात कोणताही मानवी वावर आढळून आला नाही, सबब ही स्थिती कायम राखण्यासाठी या पट्ट्यात मनुष्यप्रवेशास तसेच पाण्यात उतरण्यास संपूर्ण मनाई राहील.

टाळ्या थांबल्या. ज्यांना उशिरा कळतं, ते आणखी थोडा वेळ वाजवत राहिले.

सगळ्यांनी देवाजीकडे पाहिलं. देवाजी ओट्याच्या खांबाला टेकून बसला होता. तो उठला, चपला पायात घातल्या आणि घरी गेला. त्याच्या घरात हे वाक्य काही नवं नव्हतं. फक्त मागच्या वेळी वाक्यासोबत काठी होती, या वेळी शिक्का होता. आणि मागच्या वेळी त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःची पावलं पुसली नव्हती.

पुरनलाल मागोमाग आला आणि अंगणात उभा राहिला. "देवाजी, शिवी दे," म्हणाला.

"कायले?"

"बरं वाटन मले."

देवाजीनं दिली नाही. पुरनलाल आणखी वाईट तोंडानं परत गेला.

हरकत नोंदवायला मुदत होती आणि जनसुनावणी मे महिन्यात होती. पण हरकत घ्यायची म्हणजे काय सांगायचं? की त्या दिवशी अख्खं गाव लपून बसलं होतं? गाव खोटं पडलं तर सगळाच कागद फाटायचा, आणि कागद फाटायची वाट बघत कोण बसलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. तो माणूस दुसऱ्याच आठवड्यात पांढऱ्या गाडीतून देवाजीच्या दारात उतरला. रेतीचा ठेकेदार. खाटेवर बसला, पाणी प्याला, देवाजीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काका, आप टेंशन मत लो. गरीब आदमी का पानी कोई छीन नहीं सकता. आपत्ती अर्ज़ी मैं लिखवा के लाया हूँ, आप बस अंगूठा लगा दो. पूरा प्रस्ताव कैंसिल करवाएँगे."

"मले सही येते," देवाजी म्हणाला.

"तो और अच्छा!"

"पन आज हात दुखून राहिला."

गाडी गेल्यावर तो लीलाबाईला म्हणाला, "टिप्परवाला माह्या बाजूनं हाये. म्हंजे माहीच बाजू चुकून राहिली. जाऊ दे. पानी राहिलं पाहिजे, मी नाही उतरलो तरी चालन." मग त्यानं आड्यावरून तुंब्यांची माळ खाली काढली आणि तिच्यापुढं ठेवली. "कापून डवले कर याचे. वरन वाढाले कामी येतीन."

लीलाबाईनं तुंब्यांकडे पाहिलं. आयुष्यभर या तुंब्यांना तिनं सवतीसारखं वागवलं होतं. आता ते खरोखरच कापायला मिळत होते, तर तिचा हात विळ्याकडे जाईना.

"रत्नपालचे बाबा, एक सांगा. तो रेतीवाला म्हनते सगळं मोकळं करा. सरकार म्हनते सगळं बंद करा. रेती नोका नेऊ अन् मानसाले नोका हटकू, एवढं म्हनाले कोनाची मनाई हाये का?"

"तसं म्हनाचं तर त्या दिवशीचं खोटं सांगा लागन. गावाची ढाल हाये पंचायतीत."

"ढाल पान्यावर तरते का?"

लीलाबाईनं माळ उचलली आणि परत आड्यावर टांगली. डवले झाले नाहीत. पण देवाजी त्या उन्हाळ्यात नदीकडे फिरकला नाही. पोट्टे दारात येऊन उभे राहत आणि तो "तब्येत बरी नाही" म्हणून भिंतीकडे तोंड करी. खालच्या घाटाच्या बाजूला डोकं करून झोपायची त्याला सवय होती. त्यानं खाटही फिरवली.

सुनावणीच्या दिवशी समाजमंदिरात बाहेरच्यापेक्षा जास्त उकाडा होता. वीज गेलेली. नागपूरहून आलेले मोठे साहेब मसुद्याच्याच कागदानं वारा घेत होते. एका बाजूला अल्का मॅडम बसल्या होत्या, गावावर चिडून. मसुदा वाचल्यावर त्यांनी पुरनलालला फोनवर एवढंच विचारलं होतं, "अहो, मला विचारायचं तरी!"

हरकती मागवल्या. आधी ठेकेदाराचा माणूस उठला आणि गोरगरिबांच्या पाण्यावरच्या हक्काबद्दल इतकं हळवं भाषण केलं की शेवटी त्याला स्वतःलाच रुमाल काढावा लागला. सबब संपूर्ण प्रस्ताव रद्द करावा, असं म्हणून तो बसला. साहेबांनी नोंद घेतली. "आणखी कोणी?"

पुरनलालनं मान खाली घातली. गिरजाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. ती नजर फार चांगली नव्हती. शेवटच्या रांगेत चप्पल वाजली आणि देवाजी उभा राहिला.

"साहेब, ह्याईची हरकत माही नोहोय. माही अलग हाये."

"बोला."

"रेती बंद कराचा तुमचा कागद मले पाहिजे. त्यातली एक ओळ तेवढी मी आंगोदर आयकली हाये. नऊ-दहा वर्षाचा होतो, बापासंग होतो. पान्यात उतराची मनाई. त्या वक्ती मानसानं मानसाले केली होती. आता तुमी पानमांजरासाठी करून राहिले. पानमांजर चांगलं जनावर हाये, साहेब. पन त्यानं तसं सांगतलं नाही तुमाले." तो थांबला. घाम पुसला. "पानी इथं नाही. तिथं हाये. चला."

साहेब नाही म्हणाले असते. पण समाजमंदिरातल्या त्या भट्टीत 'चला, पाण्याकडे' हे शब्द ऐकून नाही म्हणणारा अधिकारी अजून भरती व्हायचा आहे. सगळी सुनावणी उठून नदीकडे निघाली.

देवाजीला वाटलं होतं की काठावर उभं राहून आपण दोन शब्द सांगू. हा खडक, हा घाट. उंबराच्या वळणावर आला आणि त्याला आरडाओरडा ऐकू आला. डोह पोरांनी भरून गेला होता. पाठीवर तुंबे, तुंब्यांना नवी अंबाडीची दोरी. आणि मोठ्या खडकावर लुगड्याचा काष्टा खोचून लीलाबाई उभी होती. तिनं एका पोट्ट्याला ढकललं. तो बोंबलत वर आला.

"बुडलास का?"

"नाई, आजी."

"मंग बोंबलून कायले राहिलास?"

देवाजी जागच्या जागी थांबला. लीलाबाईला स्वतःला पोहता येत नव्हतं. आड्यावरून माळ कधी काढली, दोरी कधी वळली, पोट्टे कधी गोळा केले, काही पत्ता लागू दिला नव्हता तिनं.

"इथं तर मानवी वावर बराच दिसतो," साहेब म्हणाले. "जानेवारीत तर कोणी नव्हतं."

तेवढ्यात पुरनलालला मागून कोपर बसलं. ते गिरजाबाईंचं होतं.

"साहेब," पुरनलाल म्हणाला, "त्या दिवशी आमी गाव झाकलं होतं."

"झाकलं होतं म्हणजे?"

पुरनलालनं सगळं सांगितलं. म्हशी, हापशी, टीव्ही, तुंबे. सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. तो ग्रामस्वच्छतेपर्यंत मागे गेला, तणसाखालचे उकिरडे आणि पाहुणी डुकरंही सांगून मोकळा झाला. ग्रामसेवक डोळे मिटून उभा होता. साहेब आधी गंभीर होते, मग त्यांच्या मिशीला कंप सुटला, आणि डुकरांपाशी ते खडकावर बसून हसायला लागले. "अहो, नोकरी तपासण्या करण्यात गेली माझी," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि सगळीकडे असंच सामसूम. मला वाटायचं, लोक मला मान देतात!"

मग त्यांनी विचारलं, "पण मग पाणमांजरांचं काय?"

"थांबा जरासे," देवाजी म्हणाला. त्यानं हात वर केला आणि पोट्टे भुर्रकन बाहेर आले. सगळे जांभळीच्या सावलीत बसले, गिरजाबाईंनी ताक दिलं. उन्हं कलायला लागली तेव्हा पलीकडच्या काठाला, मुळांच्या जाळीतून एक चपटं डोकं वर आलं. मग दुसरं. साहेबांच्या हातातला पेला तसाच राहिला.

"आमच्या गावात तीन घाट होते," देवाजी हळूच म्हणाला. "आता दोनच हायेत. अलीकडचा मानसाचा, पलीकडचा याईचा. आमी तिकडं जात नाही, ते इकडं येत नाहीत. भांडन नाही कधी."

"हे खरं आहे, सर," अल्का मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या बिळांची बाजू बंद ठेवा, पिल्लांच्या दिवसांत जास्त काळजी घ्या. पण या माणसांना हाकललंत, तर रेतीवाल्यांना आरडाओरडा करून हाकलायला इथं राहील कोण?"

साहेबांनी काही कबूल केलं नाही. साहेब लोक काठावर काही कबूल करत नसतात. फक्त जाताना एक तुंबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हा फुटत नाही का?"

"पास झालं का फोडतो," देवाजी म्हणाला.

पुढचे महिने सगळ्यांनी आपापल्या परीनं वाट पाहिली. रोवणी झाली, धान पोटरीला आलं, कापणी झाली. ठेकेदाराची पांढरी गाडी कधी तालुक्याला दिसे, कधी जिल्ह्याला, आणि ती दिसली की देवाजीचं जेवण कमी होई. दिवाळी गेली, डिसेंबर उजाडला आणि गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, भरली. मंडईच्या दुपारी शाळेच्या पटांगणात दंडारीचं नाटक रंगात आलेलं, जिलेबीच्या कढईभोवती माश्यांइतकीच माणसं, आणि तेवढ्यात ग्रामसेवकानं धावत येऊन दंडारवाल्याच्या हातातला माईक घेतला.

राजपत्र निघालं होतं. जांभूळडोहाचा पट्टा नदीच्या संवर्धनासाठी आणि लोकांच्या विरंगुळ्यासाठी राखीव. रेती कायम बंद. पलीकडचा काठ बंद. आणि अलीकडच्या काठावर आंघोळ, कपडे धुणे, गुरांना पाणी दाखवणे, 'तसेच सुक्या भोपळ्याच्या पारंपरिक साहाय्याने पोहणे व पोहणे शिकविणे यास मुभा राहील.'

या वेळी टाळ्या मध्येच थांबल्या नाहीत. ढोलकीवाल्यानं न सांगता थाप मारली. देवाजी जिलेबीचा पुडा हातात धरून उभा होता. पाक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला तरी त्याला कळलं नाही. "परत वाच," तो ग्रामसेवकाला म्हणाला. "ते शेवटचं." ग्रामसेवकानं परत वाचलं. देवाजीनं एवढा मोठा श्वास सोडला, की शेजारी उभ्या लीलाबाईनं पदर सावरला.

"चाल," तो पुरनलालला म्हणाला.

"आता? थंडी हाये ना बे!"

"मुभा आता भेटली. आताच उतराचं."

डिसेंबरचं पाणी दातांत शिरत होतं. देवाजी खडकावरून सरळ आत गेला, बुडी मारून मध्यावर निघाला आणि पाठीवर पडून राहिला, पोट आभाळाकडे. काठावर पुरनलाल तुंबा पोटाशी बांधत होता. गाठ नीट बसली की नाही ते त्यानं दोनदा ओढून पाहिलं.

"पुरन्या, राखीव झालं आज. आज तरी सोड तो तुंबा."

"कायले सोडू?" पुरनलाल पाण्यात उतरत, कुडकुडत, पण तोऱ्यात म्हणाला. "आयकलं नाही का? सरकारनं लिहून देल्लं. तू बिनतुंब्याचा पोहून राहिला ना, तुयंच काही लिहिलं नाही त्यात. कायद्यानं पाहिलं तर इथं मीच बरोबर हावो!"

देवाजी इतका हसला, की नाकातोंडात पाणी गेलं आणि खोकत, धापा टाकत तो पुरनलालच्या तुंब्याला येऊन धरून राहिला. दोघं म्हातारे एका भोपळ्यावर.

काठावर लीलाबाई येऊन उभी होती, देवाजीचं धोतर हातात घेऊन.

"बुडले का?" तिनं विचारलं.

"नाई!" दोघं ओरडले.

"मंग बाहेर निघा. जिलेबी गार होऊन राहिली."

कोणी निघालं नाही. देवाजीनं कान पाण्याखाली घेतले. पाण्याखाली लीलाबाई ऐकू येत नसे, हे त्याला फार वर्षांपासून माहीत होतं. पोहायला शिकण्याचा हा फायदा त्यानं पोट्ट्यांना कधी सांगितला नव्हता.